शेजारच्या भाषेचा अभ्यास

परकी भाषा कठीण आणि शेजारची भाषा सोपी, असा एक समज आपल्या सुशिक्षित घरांतून फार खोल रुजलेला आहे. मुलाला इंग्रजी शिकवावयाचे म्हटले म्हणजे वडील शब्दकोश आणतात, आई पाठ म्हणवून घेते, शिकवणीची तजवीज होते. हिंदीची गोष्ट निघाली म्हणजे मात्र ‘तिच्यात शिकावयाचे काय आहे? ती येतेच की!’ एवढ्या उद्गारावर सर्व कारभार आटोपतो. लिपी तीच, कितीतरी शब्द तेच, गाणी रात्रंदिवस कानावर पडत असतात. मग मुद्दाम अभ्यास तो कशाचा? याच समजामुळे पुष्कळशा मराठी मुलांची हिंदी जन्मभर कच्ची राहते. दूरच्या घरी मनुष्य पाऊल जपून टाकतो. शेजारच्या घरात तो बेधडक शिरतो आणि अंधारात पाटाला ठेचकाळतो.

श्रोतेहो, या शेजारच्या भाषेच्या अभ्यासाचा विचार करावयास वर्धा जिल्ह्याइतके योग्य स्थळ महाराष्ट्रात दुसरे सापडणे कठीण. हा जिल्हा मराठी मुलखाचा; परंतु हिंदीच्या प्रचाराचे जे कार्य अर्ध्या भारतात पसरले त्याचे मुख्य ठाणे याच जिल्ह्यात बसले होते. शिवाय जवळजवळ शंभर वर्षेपर्यंत वर्ध्याचा मुलगा ज्या राज्यात शाळेत जात होता, ते राज्य कोणत्या ना कोणत्या अर्थाने द्विभाषिक होते.

१८६१ साली मध्यप्रांत अस्तित्वात आला. पुढच्याच वर्षी नागपूर जिल्ह्यातून फोडून वर्धा हा निराळा जिल्हा करण्यात आला. १९०३ साली वऱ्हाड या प्रांताला जोडले गेले. नागपूर, वर्धा, चांदा, भंडारा हे चार आणि वऱ्हाडातील अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हे चार, असे आठ जिल्हे मराठीचे. बाकीचा मोठा विस्तार हिंदीचा. राजधानी नागपूर मराठी मुलखात, आणि विधिमंडळात मताधिक्य हिंदी मुलखाचे, अशी ही मोठी चमत्कारिक घडण होती. इंग्रजी वरच्या आसनावर बसली होती तोपर्यंत खालच्या दोघींचा तंटा फारसा जाणवला नाही. इंग्रजांचे राज्य गेल्यावर १९५० च्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचा मान देण्यात आला. कचेरीत चालणाऱ्या इंग्रजी शब्दांना देशी प्रतिशब्द हवे होते. ते काम डॉ. रघुवीर यांनी नागपुरास राहून मोठ्या जिद्दीने केले. त्यांचा भर सर्वस्वी संस्कृतावर होता, कारण संस्कृतातून घडविलेला शब्द हिंदीला व मराठीला सारखाच मानवेल अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांतील काही शब्द टिकले, काहींची थट्टा झाली. परंतु एकच शब्द दोन शेजारी भाषांत गेला म्हणजे त्याचा अर्थही एकच राहतो, ही समजूत कितपत खरी आहे, ते पुढे दिसून येईल.

आता वर्ध्याकडे वळू. महात्मा गांधींनी १९१८ साली आणि पुन्हा १९३५ साली इंदूर येथे हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. १९३६ साली राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली नागपूरला संमेलन भरले, आणि त्यातून राष्ट्रभाषा प्रचार समितीचा जन्म होऊन तिचे कार्यालय वर्ध्यास आले. दक्षिणेत मद्रासची सभा १९१८ पासून काम करीत होतीच. उरलेल्या अहिंदी प्रांतांचा भार वर्ध्याच्या समितीने उचलला. त्या काळच्या या कार्यात पुढाकार घेणाऱ्या मंडळींची नावे पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. गांधीजींची मातृभाषा गुजराती. काका कालेलकर मूळचे साताऱ्याचे मराठी. त्यांनी गुजराती अशी आत्मसात केली की त्या भाषेच्या श्रेष्ठ गद्यलेखकांत त्यांची गणना झाली. पवनारला राहिलेले विनोबा मराठी. ज्यांना हिंदी आईच्या मांडीवर मिळाली नव्हती, जी त्यांना शिकून घ्यावी लागली होती, त्यांनीच ती इतरांना शिकविण्याची खटपट केली. शिकून मिळविलेल्या वस्तूची किंमत मिळविणारालाच ठाऊक असते.

समितीच्या परीक्षांची पायरी ठरलेली होती: प्रारंभिक, प्रवेश, परिचय, कोविद, आणि शेवटी रत्न. या परीक्षांना शाळकरी मुले बसत, तशीच संसारी माणसेही बसत. दिवसभर घरकाम उरकून संध्याकाळी वर्गास जाणाऱ्या स्त्रियांचा भरणा त्यांत मोठा असे. कोणावर सक्ती नव्हती. आपल्या नावापुढे ‘राष्ट्रभाषा कोविद’ असे लिहिण्यात त्या पिढीला जो आनंद वाटे तो आजच्या मोठ्या पदव्यांनाही क्वचित लाभत असेल.

याच वर्ध्यात १९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, २२ व २३ तारखांना, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. जी ‘वर्धा योजना’ या नावाने प्रसिद्ध झाली ती येथूनच निघाली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, हस्तोद्योगाभोवती त्याची गुंफण, आणि शिक्षणाचे माध्यम मातृभाषा, ही तिची प्रमुख सूत्रे. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने पुढे जो अभ्यासक्रम आखला त्यात मातृभाषा हा एक विषय व हिंदुस्थानी हा दुसरा, अशी स्पष्ट विभागणी होती. एकाच गावात, एकाच वेळी आणि बहुतेक त्याच माणसांच्या विचाराने राष्ट्रभाषेचा प्रचार आणि मातृभाषेचा आग्रह अशा दोन्ही गोष्टी चालल्या होत्या. कित्येकांना यात विसंगती वाटते. वस्तुतः विसंगती नाही, क्रम आहे. आधी स्वतःच्या भाषेत विचार करण्याची व लिहिण्याची शक्ती यावी, आणि त्या शक्तीच्या आधाराने दुसरी भाषा घ्यावी. हा क्रम सांभाळला तर दोन्ही भाषा नांदतात. तो मोडला तर काय होते ते शाळेच्या वर्गात उभे राहून पाहावे.

हिंदी आणि हिंदुस्थानी यांचा जो वाद पुढे माजला त्याच्या तपशिलात शिरण्याचे कारण नाही. १९४२ साली वर्ध्यातच हिंदुस्थानी प्रचार सभा निघाली. नागरी व उर्दू या दोन्ही लिप्या प्रत्येकाने शिकाव्या असा तिचा आग्रह होता. १९४५ साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनातून बाहेर पडले. १४ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेने नागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा ठरविली आणि वादावर पडदा पडला.

पुढचा इतिहास मोठा मौजेचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठही जिल्हे मुंबई राज्यात गेले. ते राज्यही द्विभाषिकच. परंतु आता मराठीच्या जोडीला हिंदीऐवजी गुजराती बसली. वर्ध्याच्या मुलाने शाळा बदलली नाही, घर बदलले नाही, पुस्तकही फारसे बदलले नाही. तथापि आदल्या दिवशी जी भाषा त्याच्या राज्याची दुसरी भाषा होती ती दुसऱ्या दिवशी केवळ केंद्राची भाषा उरली, आणि जिचे अक्षरही त्याने पाहिले नव्हते ती त्याच्या राज्याची भाषा झाली. १ मे १९६० रोजी हाही संसार मोडला आणि मराठी महाराष्ट्रात एकटी राजभाषा राहिली. हिंदी मात्र शाळेत राहिली. मराठी माध्यमाच्या शाळेत ती पाचव्या इयत्तेपासून शिकविली जाऊ लागली, आणि वरच्या वर्गांत पुष्कळ मुले हिंदी व संस्कृत यांचे पन्नास पन्नास गुणांचे जोडपत्र घेऊ लागली. पन्नास गुणांची संस्कृत पाठ करून गुण मिळवावयाचे आणि पन्नास गुणांची हिंदी ‘येतेच’ म्हणून वाचावयाची नाही, हा या व्यवस्थेचा प्रत्यक्ष परिणाम.

आता खुद्द मुलाकडे पाहावे. वर्धा नदीच्या काठी राहणाऱ्या मुलाला आपण ‘मराठी भाषिक’ म्हणून मोकळे होतो. पण त्याच्या घरची मराठी आणि त्याच्या पुस्तकातील मराठी यांच्यातही अंतर असते. नदीपलीकडची वऱ्हाडी आणि अलीकडची नागपुरी या दोन बोलींनी त्याची जीभ घडविलेली असते. ग्रिअर्सनसाहेबांनी १९०५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात या बोलींची दखल घेतली आहे. घरी मूल ‘मले’, ‘तुले’ म्हणते. शाळा शिकविते ‘मला’, ‘तुला’. घरी ‘डोया’, शाळेत ‘डोळा’. घरी ‘काहून’, शाळेत ‘का’. घरी आई विचारते, ‘काय करून राहिला रे?’, पुस्तकात लिहिलेले असते, ‘काय करीत आहेस?’ या ‘करून राहिला’ची ठेवण हिंदीच्या ‘कर रहा है’ची आहे, हे कोणाच्याही ध्यानात येईल. दोन भाषा शतकानुशतके एकमेकींच्या अंगणात वावरल्या म्हणजे असे होतेच. यात हिणवण्यासारखे काही नाही. मराठीचा आद्य गद्यग्रंथ म्हणून ज्याचा गौरव होतो ते महानुभावांचे लीळाचरित्र तेराव्या शतकात याच वऱ्हाडात, रिद्धपूरला, लिहिले गेले, आणि आता त्याच गावी मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. पण शिकविणाराने एवढे ओळखले पाहिजे की या मुलाला प्रमाण मराठी हीच अर्धीमुर्धी दुसरी भाषा आहे. तिचे बस्तान बसते न बसते तोच इंग्रजी येते. महाराष्ट्रात २००० सालापासून ती पहिल्या इयत्तेतच येऊन बसली आहे. मग पाचवीत हिंदी. आणि या सर्वांच्या आधीच, कोणी न शिकविता, एक निराळी हिंदी त्याच्या तोंडी बसलेली असते. रेल्वेच्या फलाटावर, कापसाच्या बाजारात, पुलगावच्या दारूगोळा भांडारात देशभरातून आलेल्या माणसांच्या सहवासात, आणि घरोघरच्या पडद्यावर त्याने ती ऐकलेली असते: ‘मेरे को मालूम नहीं’, ‘अपन जाएँगे’. बाजाराला ती पुरते. तिला तुच्छ लेखू नये. दोन अनोळखी माणसांना ती बोलते करते. पण परीक्षक तिला गुण देत नाही, ग्रंथ तिच्यात लिहिले जात नाहीत, आणि मुलाला वाटत असते की आपल्याला हिंदी येते.

या ‘येते’मध्ये काय काय दडलेले असते पाहा. पहिला घोटाळा शब्दांचा. ‘शिक्षा’ हा शब्द दिसला की मराठी मुलाच्या डोळ्यांपुढे छडी येते. हिंदीत ते शिक्षण आहे, आणि ‘शिक्षा मंत्री’ हे शब्द वाचून मूल हसते ते यामुळेच. ‘चेष्टा’ आपल्याकडे थट्टा, तिकडे प्रयत्न. ‘संशोधन’ आपल्याकडे शोध घेणे, तिकडे दुरुस्ती. संविधानाचे ‘संशोधन’ झाले असे हिंदी वर्तमानपत्रात वाचून एखाद्या मराठी वाचकाने कोणी विद्वान त्यावर प्रबंध लिहीत आहे असे समजावे, तर त्यात नवल नाही. ‘राजीनामा’ देऊन आपला मनुष्य नोकरी सोडतो. तिकडे ‘राज़ीनामा’ करून दोन भांडणारे पक्ष एकत्र येतात. ‘व्यस्त’ आपल्याकडे गणितात उलटे प्रमाण दाखवितो, तिकडे कामात गुंतलेला मनुष्य. ‘यातायात’ आपल्याकडे जिवाची दगदग, तिकडे रस्त्यावरील वाहतूक. मोठ्या शहरांत हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत ही गोष्ट वेगळी. ‘खाली’ म्हणजे आपल्याकडे तळाशी, तिकडे रिकामे. ‘ताई’ आपली थोरली बहीण, तिकडे चुलती. फार काय, ‘आई’ या दोन अक्षरांना हिंदीत केवळ ‘आली’ एवढाच अर्थ आहे! परक्या भाषेतील शब्द अडला की मूल थांबते आणि विचारते. येथे ते थांबतच नाही, कारण शब्द ओळखीचा दिसतो. चुकीचा अर्थ घेऊन ते निःशंकपणे पुढे जाते.

दुसरा घोटाळा लिंगाचा. मराठीने संस्कृतातील तिन्ही लिंगे सांभाळून ठेवली. हिंदीने नपुंसकलिंग टाकून दिले. मग आपल्याकडची असंख्य नपुंसकलिंगी नामे तिकडे कोणत्या घरी गेली? काही पुरुषांच्या पंक्तीला बसली, काही स्त्रियांच्या. आपले दही चांगले, त्यांचे ‘दही अच्छा’. आपले पुस्तक नवे, त्यांची ‘पुस्तक नई’. आपले नाक लांब, त्यांची ‘नाक लंबी’. जी नामे आपल्याकडे पुल्लिंगी आहेत त्यांतलीही काही तिकडे स्त्रीलिंगी होतात: विजय, आत्मा, ध्वनी. याला नियम थोडे आणि सवय फार. आणि सवय वाचल्यावाचून लागत नाही. पुस्तकाबाहेरचे हिंदी पान जो वाचत नाही त्याचे लिंगज्ञान आयुष्यभर अदमासाने चालते.

तिसरा घोटाळा सर्वांत बारीक आणि सर्वांत शिकविण्याजोगा आहे. तो ‘ने’ या प्रत्ययाचा. ‘रामाने पोळी खाल्ली’ याचे हिंदी ‘राम ने रोटी खाई’; शब्दावर शब्द ठेवून वाक्य तयार. मूल खूश होते. परंतु ‘मी पोळी खाल्ली’ यात मराठीने ‘मी’ला ‘ने’ लावलेला नाही. हिंदीला मात्र तेथेही तो हवा: ‘मैंने रोटी खाई’. जे मूल मराठीच्या वळणाने जाते ते लिहिते ‘मैं रोटी खाई’. जे बाजारच्या वळणाने जाते ते लिहिते ‘मैं रोटी खाया’. उलट ‘चाकूने कापले’, ‘गाडीने गेलो’ येथे मराठीचा ‘ने’ साधन दाखवितो, तेथे हिंदीला ‘से’ पाहिजे. मूल लिहिते ‘चाकू ने काटा’. एका अक्षराच्या प्रत्ययात दोन भाषांचे व्याकरण इतके गुंतलेले आहे. हा गुंता समजावून सांगण्यास एक तास पुरतो. पण तो तास घेतला पाहिजे. मराठी शाळेत हिंदी शिकविणारा शिक्षक बहुधा स्वतः मराठीच असतो, आणि हे व्यंग नसून मोठी अनुकूलता आहे. पाटणा किंवा अलाहाबादहून आलेल्या विद्वानाला मूल ‘चाकू ने’ का लिहिते ते कळणार नाही. वर्ध्याच्या शिक्षकाला ते सांगावे लागत नाही. दुःख एवढेच की पुष्कळ ठिकाणी तो चूक तांबड्या शाईने खोडतो आणि कारण सांगत नाही.

लिपीच्या बाबतीतही एक गंमत आहे. मराठी व हिंदी यांची लिपी एक, म्हणून तेथे शिकण्यासारखे काही नाही असे म्हणतात. १९६२ साली मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम झाले. तोपर्यंत संस्कृतातून आलेले ‘कवि’, ‘मति’, ‘गुरु’ असे शब्द मराठीतही ऱ्हस्वान्तच लिहीत. नव्या नियमांनी त्यांचा शेवट दीर्घ झाला. हिंदी जुन्याच वाटेवर राहिली. तेव्हापासून मराठीच्या तासाला ‘कवी’ आणि लगेच पुढच्या तासाला ‘कवि’ अशी वही भरण्याचे काम मुलांच्या कपाळी आले. सुधारणा मराठीच्या दृष्टीने सोयीची होती. पण आजोबांना दोन भाषांत जो शब्द एकदाच शिकावा लागला तो नातवाला दोनदा शिकावा लागतो, हे सुधारणा करणारांच्या ध्यानी आले असेल असे वाटत नाही.

दोन भाषांच्या राष्ट्रांत अन्यत्र काय चालते हेही पाहण्याजोगे आहे. फिनलंडमध्ये फिनिश व स्वीडिश या दोन राष्ट्रभाषा आहेत, आणि स्वीडिश ज्यांची मातृभाषा अशी माणसे शेकडा पाचांच्या आसपास आहेत. तरी फिनिश मुलाला स्वीडिश व स्वीडिश मुलाला फिनिश शाळेत शिकावी लागते. या दोन भाषांचे कूळसुद्धा एक नाही, म्हणून तेथे ‘येतेच की’ असे कोणी म्हणू शकत नाही. तथापि सक्ती आवडत नाही, आणि ‘सक्तीची स्वीडिश’ असा एक शब्दच तेथे रूढ होऊन बसला आहे. नॉर्वेची स्थिती आपल्या अधिक जवळची. तेथे एकाच भाषेच्या दोन लेखनपद्धती आहेत आणि मुलाला दोन्ही लिहिता याव्या लागतात. दोन्ही एकमेकींना इतक्या जवळ की वाचताना अडचण नाही, आणि लिहावयास बसले की पदोपदी घसरण. नॉर्वेतील शिक्षक आणि वर्ध्यातील शिक्षक भेटले तर त्यांचे चांगले जुळेल.

सक्तीचा अनुभव आपल्या देशातही घेऊन झाला आहे. मद्रास इलाख्यात १९१८ पासून हजारो लोक आपखुशीने हिंदी शिकत होते. १९३८ साली राजगोपालाचारी यांच्या मंत्रिमंडळाने काही शाळांतून ती सक्तीची केली, तेव्हा मोठे आंदोलन उसळले आणि १९४० साली हुकूम मागे घ्यावा लागला. जी भाषा संध्याकाळच्या वर्गात प्रिय होती तीच सकाळच्या वर्गात अप्रिय झाली.

महाराष्ट्रात हा प्रश्न २०२५ साली पुन्हा उभा राहिला. त्या वर्षी १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून पहिल्या इयत्तेपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची ठरविण्यात आली. विरोध झाल्यावर १७ जूनला शब्द बदलला. ‘सर्वसाधारणपणे’ हिंदी, आणि एका इयत्तेतील वीस मुलांनी मागणी केल्यास दुसरी भारतीय भाषा, असे ठरले. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द होऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. त्या वादात हिंदीविषयी प्रेम आणि राग दोन्ही भरपूर प्रकट झाले. परंतु सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात एकाच वेळी ‘कवी’ व ‘कवि’, ‘माझे पुस्तक’ व ‘मेरी पुस्तक’ यांची काय गर्दी होईल हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. ज्या वयात ‘डोया’चा ‘डोळा’ होत असतो त्या वयात तिसरी वाट दाखविली तर मूल कोणतीच वाट धड चालत नाही. लहान मुले भाषा पटकन उचलतात हे खरे आहे. ती बोलणे उचलतात. लेखन उचलत नाहीत. लिहिणे शिकावेच लागते, आणि जवळच्या दोन भाषांचे लिहिणे पाठोपाठ शिकावे. एकत्र शिकवू नये. वर्धा परिषदेने मातृभाषेला जे अग्रस्थान दिले ते भावनेच्या भरात दिलेले नव्हते.

याचा अर्थ हिंदी कमी शिकावी असा कोणी घेऊ नये. उलट ती अधिक कसून शिकावी. पाचवीत मराठीचा पाया बसल्यावर दोन भाषांचे व्याकरण समोरासमोर मांडून ती शिकविली तर हिंदी सुधारतेच, शिवाय मराठीचेही ज्ञान पक्के होते. आपण ‘मी’ला ‘ने’ लावीत नाही ही गोष्ट बहुतेक मराठी माणसांना हिंदी शिकल्यावरच कळते. घरोघरच्या मंडळींना एक उपाय सहज करता येण्याजोगा आहे. मुलाने मराठी वर्तमानपत्रातील पाच ओळी रोज हिंदीत लिहाव्या आणि आठवड्याने त्याच ओळी हिंदीवरून पुन्हा मराठीत आणाव्या. मूळ ओळी व परत आलेल्या ओळी शेजारी ठेवल्या म्हणजे कोठे काय हरवले ते मुलाला स्वतःच दिसते.

मराठी माणसाला हिंदी उत्तम येऊ शकते की नाही अशी शंका घेण्याचे कारणच नाही. माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी १९०७ साली नागपुरातून ‘हिंदी केसरी’ चालविला आणि दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेले. बाबूराव पराडकर मराठी. काशीच्या ‘आज’ पत्राचे संपादक म्हणून हिंदी पत्रसृष्टीत त्यांचे स्थान फार मोठे. आणि मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण तर विलक्षणच. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे थोर कवी झाले, आणि त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे मान्यवर कवी. एकाच घरात, एकाच आईची भाषा बोलणाऱ्या दोन भावांनी दोन भाषांत कविता लिहिली. आणि दोघांपैकी कोणाचीही भाषा बाजारची नव्हती.

प्रवास मात्र बहुधा एकाच दिशेने चालतो. १९७५ सालच्या जानेवारीत नागपूर येथे पहिले विश्व हिंदी संमेलन भरले. वर्ध्याच्या समितीचा त्यात पुढाकार होता. तेथे पुरस्कारिलेली कल्पना पुढे फळास येऊन १९९७ साली वर्ध्यात महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय स्थापन झाले. उत्तरेकडील दूरदूरचे तरुण तेथे शिकावयास येतात. महाराष्ट्राने २०२० साली कायदा करून राज्यातील सर्व शाळांतून मराठी सक्तीची केली. तो कायदा शाळेतल्या मुलांसाठी आहे, या पदवीधरांना तो लागू नाही, आणि त्यांची गरजही बाजार भागवितो. त्यांतला एखादा हौसेने चार मराठी शब्द पाठ करून वर्ध्याच्या भाजीबाजारात जातो आणि वांग्यांच्या ढिगापुढे उभा राहून ‘कसे दिले?’ असे अडखळत विचारतो. त्याचा उच्चार ऐकताच भाजीवाली बाई तत्काळ ‘चालीस रुपया किलो, भैया’ असे उत्तर देते, आणि त्याचा मराठीचा पहिला पाठ तेथेच संपतो.